इब्न अल-हैसम : रंग ओळखायला वेळ लागतो, हे दाखवणारे शास्त्रज्ञ

अकोल्याच्या दालमिलमध्ये सॉर्टेक्स मशीन चालताना पाहिलंय का? वरून तुरीच्या डाळीचे दाणे धो-धो घसरत येतात. कॅमेरा त्यातला काळा, डागी दाणा हेरतो आणि हवेचा झटका त्याला बाजूला उडवतो. दाणा सेकंदाला तीन मीटर वेगाने पडत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात तो तीन मिलिमीटर खाली गेलेला असतो. मशीनचा हिशेब जरा उशिरा झाला की हवा शेजारच्या चांगल्या दाण्याला लागते अन् काळा दाणा सुटतो. अमरावतीत लाल चेंडूमागे धावणारा रोबोट बनवणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांपुढेही हाच पेच असतो. दिसणं झटपट होतं, ओळखायला वेळ जातो.

ही गोष्ट हजार वर्षांपूर्वी अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांनी पुराव्यासह मांडली होती. त्यांचा जन्म इ.स. 965 च्या सुमारास इराकमधील बसरा येथे झाला. नाईल नदीचं पाणी बांधकाम करून ताब्यात ठेवता येईल, असा त्यांचा दावा कानावर गेल्याने इजिप्तचे फातिमी खलिफा अल-हाकिम यांनी त्यांना कैरोला बोलावलं. इब्न अल-हैसम दक्षिणेकडे अस्वानपर्यंत गेले. वाटेत प्राचीन मिसरी लोकांच्या भव्य इमारती पाहून त्यांच्या लक्षात आलं, की हे काम होण्यासारखं असतं तर त्या कसबी लोकांनीच ते केलं असतं. त्यांनी परत येऊन चूक कबूल केली. पण खलिफा लहरी, कधी कुणाचा जीव घेईल नेम नाही. चरित्रकार सांगतात, की जीव वाचवायला इब्न अल-हैसम यांनी वेडाचं सोंग घेतलं. मालमत्ता जप्त झाली, घरातच कैद झाली. 1021 मध्ये खलिफा गेल्यावरच ते शहाणे झाले!

'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ. डोळ्यांतून किरण निघतात म्हणून दिसतं, असं युक्लिड आणि टॉलेमी मानत. इब्न अल-हैसम म्हणाले, वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो. रंगासाठी त्यांनी साध्या भवऱ्याचा दाखला घेतला. भवऱ्यावर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे ओढा आणि फिरवा. पट्टे दिसत नाहीत, सगळ्यांचा मिळून एकच रंग दिसतो. कारण कुठलाही पट्टा एका जागी इतका थांबतच नाही की नजरेला तो वेगळा ओळखता यावा. म्हणजे रंग ओळखायलाही वेळ लागतो. कॅमेऱ्यासमोरून भरकन गेलेल्या चेंडूचा रंग पुसट होतो, तो याच प्रकारे.

पुढची गोष्ट तर मला आणखी मोलाची वाटते. ओळखीची वस्तू आपण पूर्ण न्याहाळत नाही, एखाद्या खुणेवरूनच ओळखतो, म्हणून वेळ वाचतो. वाचता येणारा माणूस अक्षरं सुटी न लावता आख्खा शब्द एका नजरेत उचलतो, हे उदाहरण त्यांचंच. आजचा रोबोटही सगळं चित्र चाळत बसत नाही. चेंडू मघाशी जिथे होता, त्याच्या आसपास तेवढा लाल ठिपका शोधतो.

कैदेतून सुटल्यावर ते अल-अझहरजवळ राहिले. गणिताच्या ग्रंथांच्या नकला करून विकायच्या, त्यावर वर्ष काढायचं. 1040 च्या सुमारास कैरोतच त्यांचं निधन झालं. त्यांच्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर 1572 मध्ये बाझेल इथे छापलं गेलं. युरोपने त्यांचं नाव 'अल्हाझेन' केलं, म्हणून आपली मुलं पुस्तकात ते वाचतात अन् हे अल-हसनच, हे त्यांना कळत नाही.