रुस्तम जाल वकील

रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ होते. सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग त्यांनी जागतिक वैद्यकापुढे मांडला.

संशोधन
लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काम केले. सर्पगंधेचे मूळ भारतात सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर पूर्वापार वापरले जाई. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिचा रक्तदाबावरील परिणाम नोंदवला होता. मात्र पाश्चात्त्य वैद्यकाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर चित्र पालटले.

मेंदूविज्ञानावरील परिणाम
१९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळातून रेसर्पिन वेगळे केले. मनोरुग्णांची अस्वस्थता त्याने शमत असे. १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी व सहकाऱ्यांना रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो, असे आढळले. साठा सरला की चेतापेशींवरील सेरोटोनिन-ग्राहींना पुरेसा संदेश मिळत नाही. मेंदूतील रसायने आणि वर्तन यांचा संबंध त्यामुळे प्रयोगाने तपासता येऊ लागला. काही रुग्णांत मात्र या औषधाने खिन्नता आल्याच्या नोंदी झाल्या. त्यावरून नैराश्याचे कारण रसायनांच्या कमतरतेत शोधले गेले. हा संबंध इतका सरळ नसल्याचे पुढे दिसून आले.

सन्मान
लास्कर पुरस्कार (१९५७), पद्मभूषण (१९५८) आणि शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (१९६५).