बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी

बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी (४ मे, इ.स. १६५५ – २७ जानेवारी, इ.स. १७३१; काही ग्रंथांत इ.स. १७३२) हे इटलीतील वाद्यनिर्माते होते. पियानो या वाद्याचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांचा जन्म व्हेनिसच्या प्रजासत्ताकातील पादुआ येथे आणि मृत्यू फ्लोरेन्स येथे झाला. आजच्या डिजिटल पियानोत तारा नसतात व हातोडीचा घावही प्रत्यक्षात कशावर पडत नाही. तरीही स्पर्शाप्रमाणे लहानमोठा होणारा आवाज, एस्केपमेंट, सॉफ्ट पेडल ही त्याची वैशिष्ट्ये क्रिस्तोफोरींच्या कार्यशाळेतूनच आलेली आहेत.

मेदिची दरबारातील सेवा

इ.स. १६८८ मध्ये तस्कनीचे राजपुत्र फेर्दिनांदो दे मेदिची यांनी त्यांना फ्लोरेन्सला बोलावून घेतले. त्या वेळी क्रिस्तोफोरी तेहतीस वर्षांचे होते. त्यांना दरमहा बारा स्कुदी वेतन मिळे. राजपुत्राला संगीताइतकीच यंत्रांचीही आवड होती आणि त्याच्या संग्रहात अनेक वाद्ये होती. ती सुरात लावणे, जुन्यांची डागडुजी करणे आणि नवी घडवणे ही कामे क्रिस्तोफोरींकडे होती. आरंभी त्यांना सुमारे शंभर कारागिरांच्या सामाईक दालनात बसावे लागले. ज्याचे सारे काम कानावर चालते अशा माणसाला तेथील गोंगाट असह्य झाला, यात नवल नाही. पुढे त्यांना स्वतंत्र जागा मिळाली. इ.स. १६९० व १६९३ मध्ये त्यांनी घडवलेली अंडाकृती स्पिनेट वाद्ये आजही अस्तित्वात आहेत.

पियानोची निर्मिती

तत्कालीन दरबारांत हार्पसिकॉर्डचे प्राबल्य होते. त्यात पट्टी दाबताच पिसाच्या देठाची नखी तार छेडते; त्यामुळे पट्टी हळू दाबली वा जोरात, आवाज जवळजवळ सारखाच येतो. क्लॅव्हिकॉर्डमध्ये बोटाचा जोर आवाजात उतरतो, परंतु तो आवाज इतका क्षीण असतो की मोठ्या दालनात ऐकू येत नाही. तारेवर हातोडीने आघात करणे हा यावरील उपाय सोपा वाटतो. प्रत्यक्षात त्यातून एकामागून एक नव्या अडचणी निर्माण होतात.

हातोडी तारेला टेकूनच राहिली तर ती स्वतःच नाद दाबून टाकते. म्हणून आघाताच्या किंचित आधी हातोडी पट्टीच्या दाबातून मोकळी व्हावी, अशी योजना क्रिस्तोफोरींनी केली. यालाच एस्केपमेंट म्हणतात. पट्टीच्या अल्प हालचालीतून हातोडीला पुरेसा वेग मिळावा म्हणून त्यांनी मध्ये एक तरफ घातली. परत पडणारी हातोडी उसळून तारेवर पुन्हा आपटू नये यासाठी तिला झेलणारा अडसर बसवला, आणि बोट उचलताच नाद थांबावा म्हणून डॅम्पर योजले. घाव सोसण्यासाठी तारा जाड व अधिक ताणलेल्या हव्यात. तो ताण नादफलकावर येऊ नये म्हणून त्यांनी फलकाचा आधार बाह्य चौकटीपासून वेगळा केला. हातोडीचे डोके कागदाच्या गुंडाळीचे असून वर चामडे असे. उपलब्ध वाद्यांपैकी दोहोंत संपूर्ण पट्टीफलक किंचित बाजूला सरकवण्याची सोय आहे, ज्यायोगे हातोडी दोनऐवजी एकाच तारेवर पडते.

इ.स. १७०० च्या मेदिची वाद्यसूचीत मंद व तीव्र असे दोन्ही आवाज काढणाऱ्या या नव्या वाद्याचे वर्णन आढळते. पुढे त्याचे लांबलचक नाव आक्रसून पियानो एवढेच उरले.

स्वागत आणि अखेरची वर्षे

विद्वान शिपिओने माफेई यांनी क्रिस्तोफोरींची भेट घेऊन इ.स. १७११ मध्ये व्हेनिसच्या एका नियतकालिकात या यंत्रणेचा सचित्र परिचय छापला. तोवर अशी तीन वाद्ये तयार झाली होती. आवाज मऊ व बोथट आहे, असा आक्षेप काही वादकांनी घेतला होता. हार्पसिकॉर्डला सरावलेल्या हातांना नवा स्पर्श शिकावा लागतो, हे माफेईंनी ओळखले होते. इ.स. १७१३ मध्ये राजपुत्राचा मृत्यू झाला. तीन वर्षांनी क्रिस्तोफोरी वाद्यसंग्रहाचे रक्षक झाले. इ.स. १७२९ च्या पहिल्या मृत्युपत्रात त्यांनी आपली हत्यारे शिष्य जोव्हान्नी फेर्रिनी यांना दिली होती. दोनच महिन्यांनी ते बदलून, आजारपणात शुश्रूषा करणाऱ्या दाल मेला भगिनींच्या नावे जवळजवळ सर्व मालमत्ता केली. खास पियानोसाठी रचलेले पहिले ज्ञात संगीत, लोदोव्हिको जुस्तिनी यांचे बारा सोनाटा, इ.स. १७३२ मध्ये प्रसिद्ध झाले.

माफेईंच्या लेखाचे जर्मन भाषांतर इ.स. १७२५ मध्ये निघाले. गॉटफ्रीड झिल्बरमान यांनी जर्मनीत बनवलेल्या पियानोंत क्रिस्तोफोरींचीच यंत्रणा दिसते. तेथे शोधाचे श्रेय मात्र दीर्घकाळ क्रिस्टोफ गॉटलीब श्र्योटर यांना दिले जाई. एकोणिसाव्या शतकात लेतो पुलिती यांनी फ्लोरेन्समधील कागदपत्रे तपासून क्रिस्तोफोरींचा हक्क पुन्हा प्रस्थापित केला.

डिजिटल पियानोशी संबंध

डिजिटल पियानोत पट्टीखालील दोन संवेदकांमधील कालांतर मोजून पट्टीचा वेग ठरवला जातो आणि त्यानुसार आवाज निघतो. स्पर्शसंवेदनाची मांडणी स्थिर ठेवल्यास सर्व स्वर एकाच जोराने वाजतात; वाद्य बिघडल्यासारखे वाटते, पण ते केवळ हार्पसिकॉर्डप्रमाणे वागत असते. याउलट एखादाच स्वर अकारण मोठा येत असेल, तर बहुधा त्या पट्टीखालील रबरी संपर्कांत धूळ साचलेली असते. काही वाद्यांत पट्टी अगदी सावकाश दाबली असता तळाजवळ सूक्ष्म खटका जाणवतो. नवे वादक त्याला दोष समजतात. वस्तुतः ती एस्केपमेंटची हेतुपुरस्सर केलेली नक्कल आहे. जलद पुनरावृत्तीसाठीचा तिसरा संवेदक मात्र सेबास्तियाँ एरार यांच्या इ.स. १८२१ च्या दुहेरी एस्केपमेंटची आठवण देतो. सर्व डॅम्पर एकदम उचलण्याची सोयही क्रिस्तोफोरींची नव्हे, ती झिल्बरमान यांची. डिजिटल वाद्यातील हे पेडल उलटे चालू लागले, म्हणजे पाय उचलल्यावर नाद लांबू लागला, तर पुष्कळदा वाद्य चालू करताना पेडल दाबलेले असणे किंवा ते नंतर जोडणे हेच कारण असते.

उपलब्ध वाद्ये

क्रिस्तोफोरींचे तीन पियानो शिल्लक आहेत: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात इ.स. १७२० चा, रोममध्ये इ.स. १७२२ चा आणि लाइपझिगमध्ये इ.स. १७२६ चा. न्यूयॉर्कचा वाजवता येतो, परंतु त्यात पुढे बरेच फेरफार झाले. त्याचा नादफलक इ.स. १९३८ मध्ये बदलला गेला. रोमच्या वाद्याला कीड लागलेली आहे. क्रिस्तोफोरींचे इ.स. १७२६ मधील एकमेव ज्ञात चित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. त्याची छायाचित्रे तेवढी उरली आहेत.