ना बंदूक, ना सैन्य, नुसती खरेदी-विक्री; तरी डॅनी बंटनचा 'म्यूल' स्ट्रॅटेजी गेम कसा?

स्ट्रॅटेजी गेम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मोठा नकाशा, सैन्य, तोफा आणि स्क्रीनभर आकडे.

पण समजा गेममध्ये युद्धच नाही. नियम दहा मिनिटांत कळतात. करायचं काय, तर परक्या ग्रहावर जमीन घ्यायची, माल काढायचा आणि विकायचा. याला स्ट्रॅटेजी म्हणायचं की टाइमपास? स्पेस ट्रेडिंगचा एखादा सुटसुटीत गेम आला की गेमर्समध्ये हा वाद हमखास पेटतो.

या वादाचं उत्तर एका बाईंनी १९८३ मध्येच देऊन ठेवलंय. त्यांचं नाव डॅनिएल बंटन बेरी. तेव्हा लोक त्यांना डॅन बंटन म्हणून ओळखायचे, गेमच्या खोक्यावरही तेच नाव असायचं. १९९२ पासून त्या स्त्री म्हणून राहू लागल्या आणि डॅनी झाल्या. म्हणून इथे सुरुवातीपासून त्यांचा उल्लेख 'त्या' असाच केलाय.

डॅनींचा जन्म १९ फेब्रुवारी १९४९ चा, अमेरिकेतल्या सेंट लुईसचा. सहा भावंडांत त्या थोरल्या. घरात पैशांची ओढाताण, पण सगळे मिळून डाव मांडून बसायचे. ते बसणं डॅनींच्या डोक्यात कायमचं राहिलं. पुढे कुटुंब अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकला आलं. डॅनींनी १९७४ मध्ये इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली. शिकता शिकता सायकलचं दुकानही चालवलं. थोडक्यात, धंदा कशाला म्हणतात हे त्यांना पुस्तकाबाहेरही माहीत होतं.

१९७८ मध्ये त्यांचा पहिला गेम आला, 'व्हीलर डीलर्स'. ॲपल टू कम्प्युटरवर चार जणांनी लिलावात बोली लावायची. पण त्यासाठी खास कंट्रोलर लागायचा, त्यामुळे किंमत गेली ३५ डॉलरवर. विकल्या गेल्या जेमतेम ५० प्रती.

दुसरं कोणी असतं तर चार खेळाडूंचा नाद सोडला असता. डॅनींनी सोडला नाही.

१९८१ मध्ये त्यांनी 'कार्टेल्स अँड कटथ्रोट्स' हा कंपन्या चालवायचा गेम केला. तो ट्रिप हॉकिन्स यांना भलताच आवडला. हे हॉकिन्स म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, आजच्या भाषेत 'ईए'चे संस्थापक. त्यांना गेमचे हक्क हवे होते, पण एसएसआय कंपनी सोडायला तयार नव्हती. मग डॅनींनी नवाच गेम करायचं ठरवलं. भाऊ बिल, जिम रशिंग आणि ॲलन वॉटसन यांच्यासोबत त्यांची 'ओझार्क सॉफ्टस्केप' ही टीम कामाला लागली आणि १९८३ मध्ये 'म्यूल' बाजारात आला.

एक यान चार जणांना 'इराटा' ग्रहावर सोडून जातं. ('अटारी' उलटं वाचा. गेम पहिल्यांदा अटारीच्या कम्प्युटरवरच आला होता.) प्रत्येकाने जमीन घ्यायची आणि तिच्यावर म्यूल, म्हणजे खेचरासारखा यंत्रमानव जुंपायचा. माल चारच प्रकारचा: अन्न, ऊर्जा, स्मिथोर नावाचं खनिज आणि क्रिस्टाइट नावाचे महागडे स्फटिक. डाव १२ फेऱ्यांचा.

एवढंच? हो, पण खरी गंमत या चार मालांच्या गुंत्यात आहे. अन्न कमी पडलं की तुमच्या पाळीचा वेळ कमी होतो. ऊर्जा कमी पडली की जमीन असून उत्पादन नाही. आणि स्मिथोरपासून दुकानात नवे म्यूल बनतात. म्हणजे एखाद्याने स्मिथोर दाबून ठेवलं, तर म्यूलचे भाव भडकतात आणि सगळ्यांचीच वाढ अडते. चक्क साठेबाजी!

त्यात लिलाव. विकणारे स्क्रीनच्या वरच्या बाजूला, घेणारे खालच्या. जॉयस्टिकने विकणारा खाली सरकतो, घेणारा वर. दोघं जिथे भेटतील तो भाव. घड्याळ चालू असतं आणि शेजारी बसलेल्या मित्राला तुमची गरज दिसत असते. तो जागचा हलत नाही. तुमच्याकडे अन्न नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पण मित्राला पार बुडवलं तरी पंचाईत. कारण शेवटी संपूर्ण वसाहतीचीही कमाई मोजली जाते. ती फारच कमी असेल तर पहिला नंबर असूनही काय उपयोग? शिवाय पहिल्या नंबरवरच्याला नशिबाची लॉटरी कधी लागत नाही आणि शेवटच्यावर वैयक्तिक संकट कोसळत नाही. डॅनींनी मुद्दाम तशी सोय केली होती, म्हणजे मागे पडलेला डावातून उठून जाणार नाही.

म्हणून, हो, ही स्ट्रॅटेजीच आहे. नियम कमी असल्याने डोकं नियम लक्षात ठेवण्यात खर्च होत नाही, ते समोरचा काय करेल याचा अंदाज बांधण्यात लागतं. फक्त एक गोष्ट मान्य करायला हवी. हाच गेम एकट्याने कम्प्युटरसोबत खेळला की निम्मा जीव निघून जातो. त्याची खोली समोर बसलेल्या माणसांत आहे.

आणि नेमकं हेच डॅनींना महागात पडलं.

'म्यूल' विकला गेला साधारण ३० हजार प्रती. चोरून केलेल्या कॉप्या वेगळ्याच. पुढच्याच वर्षी त्यांनी 'सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड' हा एकट्याने खेळायचा गेम केला, तो दीड लाखाच्या वर गेला. बाजाराला काय हवंय हे स्पष्ट होतं. तरीही डॅनी पुन्हा माणसांकडेच वळल्या. 'रोबॉट रास्कल्स'मध्ये एकट्याने खेळायची सोयच ठेवली नाही, गेम आपटला. १९८८ मध्ये 'मोडेम वॉर्स' आला, फोनच्या तारेवरून दोन घरांत खेळायचा. पण तेव्हा घरात मोडेम होता किती जणांकडे?

एक हुकलेली संधी तर चुटपुट लावणारी आहे. मायक्रोप्रोजमध्ये असताना त्यांना 'सिव्हिलायझेशन' या बोर्डगेमवर काम करायचं होतं. सिड मायर यांच्या सांगण्यावरून त्या 'कमांड एचक्यू'कडे वळल्या. १९९१ मध्ये मायर यांचा स्वतःचा 'सिव्हिलायझेशन' आला. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

नव्वदच्या दशकात 'म्यूल' सेगाच्या कन्सोलवर आणायचं ठरलं. कंपनीचं म्हणणं, त्यात बंदुका आणि बॉम्ब टाका. डॅनींनी नकार दिला आणि प्रोजेक्ट गुंडाळला गेला. पैशांची गरज असताना असा नकार द्यायला काय लागतं, हे फ्रीलान्स काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मे १९९८ मध्ये गेम डेव्हलपर्सच्या संघटनेने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. ३ जुलैला फुप्फुसाच्या कॅन्सरने त्या गेल्या, वय ४९. दोन वर्षांनी आलेला 'द सिम्स' हा गेम विल राइट यांनी त्यांना अर्पण केला.

शेवटच्या दिवसांत त्या एका नव्या डिझाइनवर काम करत होत्या. इंटरनेटवरून खेळायचा 'म्यूल'.