कर्मवीर भाऊरावांची पंगत

विद्या संपादन करावयाची तर आधी पोटात अन्न असावे लागते. हे सत्य इतके साधे आहे, की ज्यांना दोन वेळचे अन्न विनासायास मिळते त्यांच्या ते कधी मनातही येत नाही. परंतु ज्याच्या घरी चूल पेटण्याची शाश्वती नाही अशा मुलाच्या दृष्टीने शाळेचा पहिला प्रश्न अक्षराचा नसून भाकरीचा असतो. ती भाकरी त्याने मागावी कोणाकडे, आणि मागताना मान किती खाली घालावी, हा त्याच्या पुढचा प्रश्न होय.

आपल्याकडे या प्रश्नाचे एक जुने उत्तर होते. गरीब विद्यार्थी गावातील सात घरी सात वार लावून जेवत असे, किंवा झोळी घेऊन माधुकरी मागत असे. या प्रथेने अनेक शास्त्री-पंडित घडविले. पाठशाळेच्या छायेत वाढलेल्या आम्हांस तिचे ऋण नाकारता येणार नाही. तथापि तिच्या दोन मर्यादाही प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. एक, ती दारे बहुतांशी ब्राह्मणाच्या मुलासाठीच उघडत. कुणब्याच्या, धनगराच्या, महार-मांगांच्या मुलाने कोणत्या घरी वार लावावा? आणि दुसरी, जेवणाऱ्या मुलाला रोज नव्या उंबरठ्यावर आपल्या दारिद्र्याची ओळख द्यावी लागे. या दोन्ही मर्यादा ओलांडून विद्यार्थ्याच्या ताटाची व्यवस्था करणारा एक पुरुष आपल्याच परिसरात होऊन गेला. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते. मातोश्रींचे नाव गंगाबाई. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. त्या काळी राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्याचे थोर कार्य १९०१ पासून चालविले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, असा आग्रह वसतिगृहात धरला गेला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. एका विद्यार्थ्याचे छत्र व ताट एका क्षणात कसे जाते, याचा अनुभव त्यांना असा कोवळ्या वयातच आला.

मॅट्रिकची परीक्षा भाऊरावांच्या हातून उत्तीर्ण झाली नाही. पुढे साताऱ्यास शिकवण्या करून ते चरितार्थ चालवू लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. नंतर ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले. या भ्रमंतीत त्यांना खेड्याचे अंतरंग दिसले. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्यास त्याच्या कर्जाचा कागद वाचता येत नव्हता, आणि त्याचा मुलगा गुरांमागे होता. गावात जास्तीत जास्त चार इयत्तांची शाळा. पुढे शिकावयाचे तर शहर गाठावे, आणि शहरात जेवावे कोठे?

१९१० च्या सुमारास भाऊरावांनी स्नेह्यांच्या साहाय्याने दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला होता. त्याच बीजाचा वृक्ष पुढे झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाचा विशेष त्याच्या पंगतीत होता. शाहू छत्रपतींच्या काळी प्रत्येक समाजाचे वसतिगृह बहुधा निराळे असे, आणि त्या परिस्थितीत ते योग्यही होते. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहू लागली, एकाच चुलीवरचे अन्न एका ओळीत बसून जेवू लागली. आज ही गोष्ट सहज वाटते. शंभर वर्षांपूर्वी मात्र आपल्या मुलाला तेथे धाडणाऱ्या बापाला आणि तेथे धान्य देणाऱ्या गृहस्थालाही मनाशी झगडावे लागत असे.

अन्न येई कोठून? संस्थानिकांचे व सज्जनांचे साह्य होतेच, पण भाऊरावांचा खरा भरवसा मुष्टिफंडावर होता. घरातील बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते वसतिगृहासाठी द्यावे, अशी ही योजना. माधुकरीत मुलगा दारोदार जाई. येथे धान्य दारोदारीहून संस्थेकडे येई, आणि कोणाच्या मुठीतले धान्य कोणाच्या ताटात पडले हे कोणासच ठाऊक नसे. देणाऱ्याचा अहंकार आणि घेणाऱ्याची लाज ही दोन्ही त्या एका राशीत विरून जात. मुलेही आयते जेवत नसत. पाणी भरणे, स्वयंपाक, शेतातील काम ही सर्व त्यांनीच करावयाची. आपल्या घामाचा वाटा ज्या भाकरीत आहे ती भाकरी भिक्षा राहत नाही, ही भाऊरावांची धारणा होती.

तरीही कोठार रिकामे पडण्याचे दिवस येतच. अशा वेळी पुढे झाल्या त्या भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई. सोवळ्या-ओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या या माउलीने आधी आपले मन जिंकले आणि मग सर्व जातींची मुले आपली मानली. एकेक करून अंगावरचे दागिने मुलांच्या धान्यासाठी गेले. शेवटी सौभाग्याचे लेणे असे मंगळसूत्रही त्यांनी त्याच कारणी लावले. १९३० साली त्या निवर्तल्या. रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात भाऊरावांच्या नावाआधी त्यांचे नाव घेतले तरी भाऊरावांना ते आवडलेच असते.

पत्नीच्या निधनानंतरही कार्य थांबले नाही. १९४० साली साताऱ्यास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाने विनाशुल्क निवासी हायस्कूल निघाले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आपल्या राज्यात करणाऱ्या त्या नरेशाचे हे उचित स्मारक होय. १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि श्रम करून शिकण्याची वाट महाविद्यालयापर्यंत पोहोचली. स्वतः मॅट्रिक न झालेल्या या पुरुषास १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही पदवी दिली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. ९ मे १९५९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

भाऊरावांनी साताऱ्यात जे केले तेच पुढे व्यापक प्रमाणावर शासनास करावे लागले. मद्रास राज्यात १९५६ साली कामराज यांच्या कारकीर्दीत शाळकरी मुलांच्या माध्यान्ह भोजनाची योजना सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ पासून पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही पुष्कळ शाळांतून विनामूल्य किंवा अल्प दराच्या जेवणासाठी आईबापांना घरचे उत्पन्न लिहून अर्ज करावा लागतो. आपल्या या योजनेत मुलाने अर्ज करावयाचा नसतो. तो शाळेत आला, पंगतीत बसला, एवढे पुरे. तथापि कायद्याने ताट मिळते, पंगत मिळतेच असे नाही. अमुक जातीच्या बाईने शिजविले म्हणून मुलांना ताटावरून उठविल्याच्या वार्ता या शतकातही कानी आल्या आहेत. तेव्हा भाऊरावांचे कार्य पुरे झाले असे म्हणण्यास आपण अद्याप पात्र नाही.

मठात येणाऱ्या भाविकास अन्नदानाचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. उत्सवाच्या दिवशी शेकडो पाने उठतात, यात आपणांस धन्यता वाटते, आणि ती योग्यच आहे. परंतु उत्सव संपल्यावर ज्या मुलाच्या घरी चूल पेटत नाही, तो आपल्या गल्लीतच राहत असतो. त्याने येऊन मागावे याची वाट न पाहता त्याच्या शिक्षणापुरते धान्य आपल्या मुठीतून रोज बाजूला पडले, आणि तो आपल्याच मुलाशेजारी बसून जेवला, तर त्या पंगतीत देवाचे पान निराळे मांडावे लागणार नाही.