रोमेलचे रणगाडे आणि आमचे पणजोबा

इतिहास हा माझा विषय नव्हे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च, ताळेबंद आणि कॉस्टिंग यांतच माझे दिवस जातात. पण मराठी शाळेत आठवीत असताना दुसऱ्या महायुद्धावरचे एक जाडजूड पुस्तक हाती लागले आणि त्या दिवसापासून जर्मन सेनापती एर्विन रोमेल माझ्या मानगुटीवर बसला तो आजतागायत उतरलेला नाही. ॲटलासवर ट्रेसिंग पेपर ठेवून मी उत्तर आफ्रिकेचा किनारा उतरवून घेतला होता. जर्मन रणगाड्यांच्या वाटा निळ्या पेन्सिलीने आणि इंग्रजांच्या लाल पेन्सिलीने काढायच्या, तारखा टाकायच्या, हा माझा सुट्टीचा उद्योग. निळी रेघ पुढे सरकली की मला आनंद होई, हे आज कबूल करायला हवे.

एकदा हा नकाशा जमिनीवर पसरून बसलो असताना आजोबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा सावरला आणि तोब्रुक या गावावर बोट ठेवले. त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, १९४२ साली तिथेच पकडले गेले होते. घरात फोटोला हार घालताना ते पलटणीत होते एवढेच मी ऐकले होते. ज्या निळ्या रेघेवर मी खूश होतो, तिच्या टोकाशी आमच्याच घरचा माणूस उभा होता! त्या दिवसापासून मी रोमेलचे चरित्र पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो. मला जे समजले ते इथे मांडतो.

रोमेलचा जन्म १५ नोव्हेंबर १८९१ रोजी दक्षिण जर्मनीतील वुर्टेम्बर्ग राज्यात हायडेनहाइम या गावी झाला. वडील शाळामास्तर, पुढे मुख्याध्यापक. जर्मन सैन्यात त्या काळी जमीनदार सरदार घराण्यांचा वरचष्मा होता; मास्तरच्या मुलाला तिथे कोणाचा वशिला नव्हता. १९१० साली तो पायदळाच्या रेजिमेंटमध्ये दाखल झाला आणि १९१२ साली अधिकारी बनला. १९१६ साली लुसी मोलिन या तरुणीशी त्याचा विवाह झाला. पुढे रणांगणावरून तो तिला जवळजवळ रोज पत्र लिहीत असे. त्याच्या हालचालींचा माग काढणाऱ्यांना या पत्रांचा फार मोठा आधार झाला आहे.

पहिल्या महायुद्धात ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेट्टोच्या लढाईत त्याने इटालियन सैन्याच्या मागे शिरून माताजूर हा डोंगर घेतला आणि हजारो सैनिक कैद केले. शत्रूच्या समोर डोके आपटायचे नाही, बगलेने शिरायचे आणि त्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही, हे त्याचे तंत्र तिथेच पक्के झाले. या पराक्रमाबद्दल त्याला पूर ल मेरित हे मोठे पदक मिळाले. युद्धानंतर तो लष्करी शाळांतून शिकवू लागला आणि आपल्या अनुभवांवर त्याने १९३७ साली एक पुस्तक लिहिले. हे पुस्तक हिटलरच्या वाचनात आले आणि रोमेलचे नशीब फळफळले. हिटलरच्या संरक्षक तुकडीचा तो प्रमुख झाला. तो नाझी पक्षाचा सभासद कधीच नव्हता, पण त्याच्या बढतीची शिडी हिटलरच्या अंगणातच उभी होती, हे विसरता येत नाही.

आश्चर्याची गोष्ट अशी की, रणगाड्यांसाठी जगप्रसिद्ध झालेल्या या माणसाने वयाच्या अठ्ठेचाळीस वर्षांपर्यंत रणगाड्यांची तुकडी सांभाळलीच नव्हती. फेब्रुवारी १९४० मध्ये त्याला सातवी पँझर डिव्हिजन मिळाली. तिच्याकडे दोनशेहून थोडे अधिक रणगाडे होते आणि त्यातले बरेचसे चेकोस्लोव्हाकियातून बळकावलेले. म्हणजे यश केवळ यंत्राचे नव्हते. जर्मन रणगाड्यांत वायरलेस होते, विमानदलाशी संधान होते आणि सेनापती मागे तंबूत न बसता आघाडीच्या गाड्यांबरोबर असे.

१० मे १९४० रोजी स्वारी सुरू झाली. १३ मे रोजी दिनांजवळ त्याने म्यूज नदी ओलांडली. १६ मेच्या रात्री तो न थांबता आव्हेनमधून पुढे गेला. वरिष्ठांनाही तो नेमका कुठे आहे हे कळेना. त्याच्या डिव्हिजनला भुतांची डिव्हिजन हे नाव पडले ते यामुळेच. २१ मे रोजी आरास येथे इंग्रजांनी उलट हल्ला केला. त्यांच्या जाड पत्र्याच्या रणगाड्यांपुढे जर्मन तोफा निकामी ठरू लागल्या, तेव्हा रोमेलने ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा आडव्या करून रणगाड्यांवर रोखल्या. १० जूनला तो समुद्रकिनारी पोहोचला आणि १९ जूनला शेरबूर पडले. डिव्हिजनच्या नोंदीप्रमाणे या मोहिमेत तिने सुमारे ९७ हजार कैदी पकडले आणि ४२ रणगाडे गमावले. कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर इतक्या कमी भांडवलावर इतका नफा कोणालाच झाला नव्हता.

पण खरा हिशेब पुढे होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी रोमेल लिबियात त्रिपोलीला उतरला. हरलेल्या इटालियन सैन्याला आधार देऊन बचाव करणे एवढेच त्याचे काम होते. त्याने मोटारींवर लाकूड व कापड चढवून खोटे रणगाडे बनवले आणि मार्चअखेर सरळ चढाईच सुरू केली. ४ एप्रिलला बेनगाझी पडले. ८ एप्रिलला मेकिली येथे आपली तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड वेढली गेली. वेढा फोडून काही तुकड्या निसटल्या, बाकीचे कैद झाले. तोब्रुक मात्र पडले नाही. ऑस्ट्रेलियन सैनिकांनी व त्यांच्यानंतर आलेल्यांनी ते बंदर डिसेंबरपर्यंत लढवले. नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी मोठी चढाई केली आणि रोमेलला आला त्या वाटेने मागे जावे लागले. माझ्या नकाशावर इथे निळी रेघ एकदा पुढे, एकदा मागे अशी होते, विहिरीवरच्या रहाटासारखी.

हे असे का व्हावे? उत्तर पेट्रोलमध्ये आहे. त्रिपोली ते बेनगाझी अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. बेळगावहून मुंबईला जाऊन परत यावे, एवढे. बेनगाझीहून तोब्रुक आणखी साडेचारशे. माल्टा बेटावरून इंग्रज विमाने व पाणबुड्या इटालियन जहाजे बुडवत. जे पेट्रोल बंदरात उतरे, त्यातला मोठा वाटा ते आघाडीवर वाहून नेणाऱ्या ट्रकांनाच लागे. रोमेल जितका पुढे जाई तितका त्याचा वाहतूक खर्च वाढे आणि इंग्रजांचा कमी होई. विजयच त्याला दिवाळखोरीकडे नेत होता. आमच्या पुस्तकांत दुकान फायद्यात असूनही रोकड नसल्याने बुडते असे एक प्रकरण असते. मला ते वाचताना रोमेलच आठवतो.

या वाटा आज आपल्याला तासातासाने कळतात, कारण प्रत्येक जर्मन डिव्हिजन युद्ध-रोजनिशी ठेवीत असे. युद्ध चालू असताना मात्र दोन्ही बाजू एकमेकांचे कान चोरत होत्या. काहिरातील अमेरिकन लष्करी प्रतिनिधीच्या तारांची सांकेतिक लिपी इटालियनांनी चोरली होती. त्यामुळे इंग्रजांची तयारी रोमेलला आधीच कळे. जून १९४२ च्या अखेरीस ही सोय बंद झाली. इकडे इंग्रज ब्लेचली येथे जर्मनांचे गुप्त संदेश उलगडत होते. हे गुपित १९७४ सालापर्यंत जगाला ठाऊक नव्हते. वाळवंटातला कोल्हा ज्याला म्हणत, त्याच्या जहाजांची वेळापत्रके शत्रूच्या टेबलावर पडलेली असत.

आता तोब्रुक. २६ मे १९४२ च्या रात्री रोमेल गझाला येथील इंग्रजांच्या सुरुंगांच्या पट्ट्याला दक्षिणेकडून वळसा घालून मागे शिरला. तीन आठवड्यांच्या घनघोर लढाईनंतर इंग्रज सैन्य मागे हटले. रोमेलचे रणगाडे तोब्रुक ओलांडून पूर्वेकडे निघाले, जणू इजिप्तची सरहद्दच गाठणार. पण ते अचानक उलटे वळले. २० जूनच्या पहाटे तोब्रुकच्या आग्नेय बाजूवर विमानांनी बाँबचा वर्षाव केला. त्या बाजूला अकरावी भारतीय ब्रिगेड होती: गुरखे, कॅमेरॉन हायलंडर्स आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण, आपली काळी पाचवी. नेमका घाव मराठ्यांच्या हद्दीवर पडला. वर्षभरापूर्वीचा रणगाडाविरोधी खंदक वाळूने भरत आला होता आणि तिथले बरेच सुरुंग काढून गझालाला नेले होते. पायदळाच्या माणसांनी बंदुका घेऊन दोन पँझर डिव्हिजनांपुढे किती वेळ टिकावे? सकाळीच खंदकावरून रणगाडे आत आले आणि संध्याकाळी बंदरात पोहोचले. २१ जूनला तोब्रुक शरण गेले. तेहतीस हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. त्यांत आमचे पणजोबा होते.

इकडे घरी कित्येक महिने काहीच कळले नाही. आजोबा तेव्हा रांगत होते. मग रेडक्रॉसकडून एक कार्ड आले. आजोबांनी आपल्या वडिलांना प्रथम पाहिले ते युद्ध संपल्यावर, आणि अनोळखी माणूस म्हणून ते रडत आईमागे लपले. माझ्या पुस्तकात या दिवसाबद्दल एकच गोष्ट ठळक छापली होती: दुसऱ्याच दिवशी रोमेल फील्ड मार्शल झाला, जर्मन सैन्यातला सर्वांत तरुण.

तिथे त्याने थांबून आधी माल्टा घ्यावे, असे केसेलरिंगसारख्या सेनानींचे मत होते. रोमेलने ऐकले नाही. हिटलर व मुसोलिनी यांनाही काहिराचा मोह पडला. १ जुलै रोजी अल अलामीनजवळ देइर अल शैन येथे अठराव्या भारतीय ब्रिगेडने जवळजवळ स्वतःचा नाश ओढवून घेत त्याला दिवसभर रोखले. तो मोलाचा दिवस त्याला परत मिळाला नाही. २३ ऑक्टोबरला मॉन्टगोमेरीने हल्ला चढवला तेव्हा इंग्रजांपाशी हजारावर रणगाडे होते. रोमेलच्या सैन्यापाशी पाचशेच्या आसपास, त्यातले निम्म्याहून अधिक जुनाट इटालियन. रोमेल स्वतः आजारी रजेवर होता, तो धावत परत आला. एक पाऊल मागे घेऊ नका, असा हिटलरचा हुकूम आला. रोमेलने एक दिवस तो पाळला आणि ४ नोव्हेंबरला माघार घेतली. मार्च १९४३ मध्ये त्याने आफ्रिका सोडली आणि मे महिन्यात उरलेले सगळे सैन्य ट्युनिशियात शरण गेले.

पुढची हकिगत थोडक्यात. फ्रान्सच्या किनाऱ्याची तटबंदी त्याच्याकडे आली. त्या पाहणीत, फेब्रुवारी १९४४ मध्ये, त्याने एका भारतीय तुकडीचीही तपासणी केली. आफ्रिकेत पकडलेल्या आपल्याच सैनिकांतून सुभाषबाबूंनी जर्मनीत उभी केलेली ही सेना. ज्यांना त्याने वाळवंटात पकडले, त्यांच्यासारखेच चेहरे आता त्याच्या बाजूने उभे होते! रणगाडे किनाऱ्याजवळ ठेवावेत असे त्याचे मत होते, पण राखीव पँझर डिव्हिजन हिटलरच्या परवानगीविना हलत नव्हत्या. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य उतरले तेव्हा तो पत्नीच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी घरी गेला होता. १७ जुलैला विमानाच्या गोळीबारात तो जबर जखमी झाला. तीन दिवसांनी हिटलरला मारण्याचा कट फसला आणि चौकशीत रोमेलचे नाव निघाले. कटात त्याचा कितपत हात होता यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. १४ ऑक्टोबर १९४४ रोजी दोन जनरल त्याच्या घरी आले. खटला किंवा विष, असा पर्याय होता. विष घेतल्यास कुटुंब सुरक्षित. पंधरा वर्षांच्या मुलाचा निरोप घेऊन तो गाडीत बसला. ज्याने मारले त्यानेच सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार करवले. तोच मुलगा, मानफ्रेड, पुढे १९७४ ते १९९६ स्टुटगार्टचा लोकप्रिय महापौर झाला.

मग रोमेल थोर की वाईट? कैद्यांना त्याने बऱ्यापैकी वागवले असे त्याचे शत्रूही म्हणत. पणजोबांनीही जर्मनांना शिव्या दिल्याचे आजोबांना आठवत नाही. पण १९४२ साली रोमेल काहिराकडे निघाला, तेव्हा त्याच्या मागोमाग जाऊन तिथल्या ज्यूंचा संहार करण्यासाठी एक खास पथक अथेन्समध्ये तयार होते, हे आता संशोधकांनी उजेडात आणले आहे. रोमेल अलामीनला अडला म्हणून ते अडले. म्हणजे माझ्या निळ्या रेघेमागून काय चालत येणार होते, ते नकाशात दिसत नव्हते. कौशल्य एका गोष्टीत असते आणि ते कोणाच्या पदरी ठेवले ही दुसरी गोष्ट असते. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

बेळगावात १९२२ पासून मराठा रेजिमेंटचे केंद्र आहे. आपण कॉलेजला येता-जाता कवायत करणारी पोरे पाहतो आणि सायकल पुढे दामटतो. मीही तसाच जात असे. आता तिथे थोडा थांबतो. तो ट्रेसिंग पेपर अजून माझ्याकडे आहे. तोब्रुकच्या आग्नेयेला, जिथे निळा बाण खंदक ओलांडून आत शिरतो, तिथे मी आजोबांच्या हातून एक बारीक तांबडा ठिपका काढून घेतला आहे. नकाशात त्याला काही प्रमाण नाही. पण आता तो नकाशा पुरा झाला असे मला वाटते.