शेवटच्या फळ्यावर मित्राचे कोडे

नील्स बोर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ रोजी डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात झाला. वडील प्राध्यापक, आई ज्यू घराण्यातली. अणूच्या रचनेवरील संशोधनासाठी १९२२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे मात्र एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने त्यांची जन्मभर पाठ सोडली नाही. एखादी गोष्ट मोजली, असे म्हणायचे कधी?

आपण थर्मामीटर लावतो तेव्हा ताप अंगात आधीपासूनच असतो. इलेक्ट्रॉनच्या जगात तसे नाही. दोन बारीक फटींमधून एकेक इलेक्ट्रॉन सोडत गेले, तर पलीकडच्या पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी लाटांसारखे पट्टे तयार होतात. पण कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे सांगणारी सोय केली, की ते पट्टे नाहीसे होतात. बोर म्हणत, मांडणी बदलली की प्रयोगच बदलतो. आपण दुसरा प्रश्न विचारलेला असतो, म्हणून उत्तरही दुसरे मिळते. मोजमापाला माणसाची नजरही लागत नाही. फोटोच्या काचेवर न पुसणारा ठिपका उमटला, की मोजमाप पूर्ण झाले. मग तो कोणीही, केव्हाही पाहावा.

आल्बर्ट आइन्स्टाइन यांना हे पटेना. कोणी पाहत नसतानाही चंद्र आकाशात असतोच. तसे कणाचे गुणधर्मही मोजण्याआधीच ठरलेले असले पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती. १९३० साली ब्रसेल्सच्या परिषदेत त्यांनी एक कोडे घातले. प्रकाशाने भरलेली पेटी घ्या. आतल्या घड्याळाने झडप क्षणभर उघडून प्रकाशाचा एकच कण बाहेर सोडा. पेटीचे आधीचे आणि नंतरचे वजन करा. म्हणजे कणाची ऊर्जा आणि सुटण्याची वेळ, दोन्ही अचूक कळतील. बोर यांच्या मते हेच अशक्य होते.

ती रात्र बोर यांना जड गेली. सकाळी ते उत्तर घेऊन आले, तेही आइन्स्टाइन यांच्याच सिद्धांताच्या आधारे. वजन करताना पेटी वर-खाली हलणार. गुरुत्वाकर्षणात जागा बदलली की घड्याळाची गती बदलते, म्हणून वेळेची अचूकता हातची जाणार.

वाद तेवढ्याने मिटला नाही आणि मैत्रीही तुटली नाही. १९४३ साली नाझींच्या अटकेतून वाचण्यासाठी बोर समुद्रमार्गे स्वीडनला निसटले. युद्धानंतर दोघे पुन्हा भेटले, पुन्हा वाद झाले. १९५५ साली आइन्स्टाइन गेले, तरी बोर मनातल्या मनात त्यांच्याशी बोलतच राहिले.

उपकरणही अणूंचेच बनलेले असते. मग मोजणारे कुठे सुरू होते आणि मोजले जाणारे कुठे संपते? सर्वांना पटेल असे उत्तर आजही सापडलेले नाही.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी बोर यांचे निधन झाले. त्यांच्या अभ्यासिकेतल्या फळ्यावर आदल्या संध्याकाळचे चित्र तसेच होते. ती आइन्स्टाइन यांची पेटी होती.