पत्ते जुळवणारी अ‍ॅडमिरल

कम्पायलर म्हटलं की आपल्याला लॅबमधली एरर्सची यादीच आठवते. पण कम्पायलर हे नाव ज्यांनी रूढ केलं, त्या ग्रेस हॉपर यांच्याविषयी हॉस्टेलमध्ये कोणी बोलत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. १९३४ मध्ये येलमधून गणितात पीएच.डी. केली. व्हासार कॉलेजात शिकवत असताना युद्ध पेटलं. वय जास्त, वजन कमी, तरी हट्टाने १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात शिरल्या आणि हार्वर्डच्या मार्क-१ संगणकावर काम करू लागल्या.

तेव्हा प्रोग्रॅमचे तयार तुकडे वहीतून हाताने उतरवून घेत. तुकडा नव्या जागी ठेवला की आतले पत्ते बेरीज करून बदलायचे. माणूस उतरवताना चुकतो, बेरजेतही चुकतो. हॉपर यांनी ही कटकट यंत्राच्याच गळ्यात टाकली! १९५२ चा त्यांचा ए-० तुकडे गोळा करून पत्ते स्वतः जुळवायचा. सुरुवातीला लोकांना ते पटेना.

आज काय होतं? समजा, जालन्यातलं आपलं हॉस्टेल दुसऱ्या बिल्डिंगमध्ये गेलं. नंबर बदलले, रांग तीच राहिली. ‘रूम १४’ हा पत्ता चुकेल, ‘माझ्यापासून तिसरी रूम’ हा टिकेल. असा टिकणारा कोड म्हणजे पोझिशन-इंडिपेंडंट कोड. शेअर्ड लायब्ररीला तोच लागतो.

जीसीसीला ‘-एफपिक’ म्हणजे असा कोड हवा, ‘-एफनो-पिक’ म्हणजे नको. दोन्ही दिले तर? तो गुपचूप शेवटचा पाळतो. त्यालाही कारण आहे, मेकफाइलमधला ऑप्शन न खोडता बदलता येतो. पण मोठ्या प्रोजेक्टमध्ये हे दोन ऑप्शन दोन वेगळ्या फाइल्समधून येतात. मग लिंकर अडतो आणि चूक शोधण्यात रात्र जाते.

माझं मत, शेवटचा ऑप्शन पाळावा, पण एका ओळीची वॉर्निंग द्यावी. हिशेब यंत्राने ठेवावा, हेच तर हॉपर आयुष्यभर सांगत आल्या. त्यांच्या फ्लो-मॅटिकची छाप १९५९ च्या कोबोलवर पडली. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

असो. पुढच्या वेळी लिंकर रुसला, तर त्याला शिव्या घालण्याआधी आपण दिलेले ऑप्शन शेवटापासून वाचा!